गोदावरीच्या आधीची अक्षरं

लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासायला काकांनी मला बोलावलं. नातीचं लग्न. देवळाली कॅम्पात आमच्या भागात कुणाची पत्रिका, कुणाचा अर्ज, कुणाच्या दुकानाची पाटी असं काही लिहायचं निघालं की ते माझ्याकडे येतं, आणि मला ते आवडतंही. छापखान्यानं थोरल्या नातवाच्या लग्नातली पत्रिका समोर ठेवून मजकूर जुळवला होता, त्यामुळे काकूंच्या नावाआधी ‘सौ.’ तसंच राहून गेलं होतं. काकू जाऊन तीन वर्षं झाली. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे तेवढं बघ.” लाल पेन त्यांच्याच हातात होतं. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं.

देवळालीत निवृत्त फौजी म्हटला की तो तोफखान्याचाच असं लोक धरून चालतात. तोफखान्याची शाळा १९४१ साली काकूलहून इथे आली. आजही रेंजवर सराव सुरू असला की खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि कुणी मान वर करून बघत नाही. काका मात्र नौदलातले. लोणावळ्याला शिकले, आर्टिफिसर झाले आणि उमेदीची वर्षं त्यांनी ‘आयएनएस गोदावरी’च्या बॉयलरजवळ काढली. नाशिकचा मुलगा गोदावरीवर, हे ते अजून अभिमानानं सांगतात.

मी ओळ दुरुस्त करत होते तेव्हा ते म्हणाले, “नाव आईबाप ठेवतात गं. त्याच्या आधी काय लावायचं ते आपल्या हातात नसतं. जहाजाचंही तसंच. आमच्या गोदावरीच्या आधी दोन गोदावरी होऊन गेल्या. त्यांच्या नावाआधी काय काय होतं ते कधी बघ.”

ते बघायला घेतलं आणि काही महिने त्यातच गेले.

मराठी माणसाला ही गोष्ट समजायला जड नाही. चि., श्री., रा. रा., वे. शा. सं., ह. भ. प., गं. भा., कै.: नावाआधीच्या एकदोन अक्षरांत आपण माणसाचं वय, मान, संसार, सगळं सांगून टाकतो. एकाच माणसाला जन्मात तीनचार पदव्या लागतात आणि नाव मधल्या मध्ये तेच राहतं. जहाजांची गोष्ट याच वळणाची आहे, फक्त तिथे प्रश्न वयाचा किंवा मानाचा नसतो. जहाज कुणाचं, कुणाचा हुकूम मानणार, कुणासाठी तोफ डागणार, एवढंच ती अक्षरं सांगतात.

व्यापारी जहाजांची अक्षरं वेगळी, ती आधी बाजूला काढते. ‘एसएस’ म्हणजे वाफेवर चालणारं, ‘पीएस’ म्हणजे बाजूला वल्ह्यांची चाकं असलेलं, ‘एमव्ही’ म्हणजे मोटरवर, बहुधा डिझेलवर चालणारं. रेवसकडे जाताना १७ जुलै १९४७ रोजी सहाशेंहून अधिक माणसांना घेऊन बुडालेली ‘रामदास’ ही कागदोपत्री ‘एसएस रामदास’. लोकांच्या तोंडी ती रामदास बोट. व्यापारी जहाजाच्या पोटात काय आहे ते ही अक्षरं सांगतात. लढाऊ जहाजाची अक्षरं त्याच्या डोक्यावर कोण आहे ते सांगतात. काकांची गोदावरी वाफेवरच चालायची, पण तिला कुणी ‘एसएस’ म्हटलं नसतं.

पहिली गोदावरी इंग्लंडमध्ये थॉर्निक्रॉफ्टच्या गोदीत बांधली गेली आणि १९४३ साली युद्धात उतरली. ‘एचएमआयएस गोदावरी’. हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, म्हणजे बादशहाचं हिंदी जहाज. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी, त्र्यंबकहून नाशिकला येणारी, रामकुंडात आपण जिला हात जोडतो ती नदी जहाजाच्या कपाळावर, आणि तिच्या आधी सहावा जॉर्ज. खलाशी आपलेच. १२ ऑगस्ट १९४४ रोजी सेशेल्स बेटांजवळ या गोदावरीनं ‘एचएमएस फिंडहॉर्न’च्या जोडीनं यू-१९८ ही जर्मन पाणबुडी बुडवली. मोठा पराक्रम होता तो. तो कुणाच्या नावावर जमा झाला, हे त्या पहिल्या चार अक्षरांवरून ठरलं.

मग फाळणी आली. जहाजंही वाटली गेली. युद्धकाळात दाखल झालेल्या सहा स्लूप जहाजांपैकी सतलज, जमना, किस्तना आणि कावेरी भारताकडे राहिल्या. नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानकडे गेल्या. आपली गोदावरी तिकडे ‘एचएमपीएस सिंध’ झाली आणि नर्मदेची झेलम झाली. नद्यांची नावं बदलली, पण आधीचं ‘हिज मॅजेस्टीज’ दोन्हीकडे कायम होतं. दोन देश, एक राजा. पाकिस्ताननं ते १९५६ मध्ये प्रजासत्ताक होताना सोडलं आणि ‘पीएनएस’ धरलं.

दुसऱ्या गोदावरीनं मला खरोखर थांबवलं. १९४१ साली पाण्यात उतरलेली ही छोटी विनाशिका इंग्लंडच्या आरमारासाठी बांधलेली, नाव ‘एचएमएस बीडेल’. १९४२ मध्ये ती पोलंडच्या आरमाराला दिली गेली. पोलंड तेव्हा हिटलरनं गिळलेला होता. त्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नव्हती, पण समुद्रावर जहाजं होती. तिचं नाव झालं ‘ओआरपी श्लॉन्झाक’. ओआरपी म्हणजे पोलंडच्या प्रजासत्ताकाचं जहाज. प्रजासत्ताक नकाशावरून पुसलं गेलेलं असताना ही तीन अक्षरं ते शिल्लक असल्याचं सांगत फिरत होती. ऑगस्ट १९४२ मध्ये दिएपच्या हल्ल्यात ती होती. साधारण त्याच सुमारास, १९४३ पासून, आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, छावणीत राहत होते. पंचगंगेकाठी पोलंडची मुलं शाळेत जात होती आणि युरोपच्या समुद्रावर पुढे आमची गोदावरी होणार असलेली बोट त्यांच्या देशाचं नाव मिरवत होती. हे दोन धागे कुणी मुद्दाम जोडलेले नाहीत, पण मला ते शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही.

युद्ध संपल्यावर ती पुन्हा ‘एचएमएस बीडेल’ झाली आणि १९५३ साली भारतानं ती घेतली. ‘आयएनएस गोदावरी’. एका लोखंडी सांगाड्यानं बारा वर्षांत एक राजा आणि दोन प्रजासत्ताकं पाहिली.

देवळालीत बसून जहाजांचा हा शोध कशाला, असं मला घरातच विचारलं गेलं. पण देवळालीचं नाव जगात गेलं ते जहाजांची वाट बघण्यामुळेच. १८६०च्या दशकात इथे ब्रिटिश फौजेचा तळ बसला. विलायतेहून आलेल्या पलटणी मुंबईला उतरायच्या, आगगाडीनं थळघाट चढून इथे यायच्या आणि मग देशभर वाटल्या जायच्या. मुदत संपलेले सोल्जर उलट दिशेनं इथे यायचे आणि बोटीसाठी थांबायचे. सैन्य नेण्याआणण्याचा बोटींचा हंगाम थंडीतला, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. हंगाम संपल्यावर ज्याची मुदत भरली त्यानं पुढची थंडी येईपर्यंत इथे काढायची. काम नाही, ऊन, दारू, घरची ओढ. त्यातून काहींची डोकी फिरायची. इंग्रजीत वेडसर माणसाला ‘डूलाली’ म्हणतात ते आमच्या गावावरून. मूळ शब्दप्रयोग ‘डूलाली टॅप’, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. या वाट बघण्याचं वर्णन फ्रँक रिचर्ड्स या सोल्जरनं १९३६ सालच्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत केलं आहे. आज रेस्ट कॅम्प रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांच्या मनात येतं की या ‘रेस्ट’चा अर्थ बोटीची वाट बघणं हा होता?

ते कोणत्या बोटींची वाट बघायचे? सुरुवातीच्या काळात पाच मोठ्या पांढऱ्या बोटी होत्या: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार, सेरापिस. १८६६-६७ मध्ये खास हिंदुस्थानच्या फेऱ्यांसाठी बांधलेल्या. १८७५ मध्ये युवराज एडवर्ड मुंबईला आला तो सेरापिसवरूनच. खर्चात हिंदुस्थानच्या तिजोरीचा वाटा होता, जमना आणि मलबार ही नावं इथली होती, पण कर्मचारी इंग्लंडच्या आरमाराचे आणि नावाआधी ‘एचएमएस’. शतक संपत आलं तसं भाड्याच्या व्यापारी जहाजांवर सैन्य जाऊ लागलं आणि पुढे त्यांना ‘एचएमटी’ लागलं. कुणी त्याचा अर्थ ‘बादशहाची वाहतूक बोट’ असा सांगत, कुणी ‘भाड्यानं घेतलेली लष्करी बोट’ असा. एकाच तीन अक्षरांत राजाही बसायचा आणि भाडेपावतीही.

त्याच काळात मुंबईत एक तिसरी अक्षरमाळ वावरत होती, ‘आरआयएमएस’: रॉयल इंडियन मरीनची जहाजं. मुंबईच्या आरमाराची वंशावळ पाहिली तर नावं सतत बदलताना दिसतात. १६१२ मध्ये सुरतेला कंपनीची मरीन, १६८६ पासून बॉम्बे मरीन, १८३० मध्ये इंडियन नेव्ही, १८६३ मध्ये पुन्हा बॉम्बे मरीन, १८७७ मध्ये इंडियन मरीन, १८९२ मध्ये ‘रॉयल’, आणि २ ऑक्टोबर १९३४ रोजी रॉयल इंडियन नेव्ही. प्रत्येक वळणावर कुठल्या तरी सरकारनं हिंदी आरमाराला लढाऊ मानायचं की सामान वाहणारं, हे ठरवलेलं आहे. आरआयएमएस डफरिन ही यातली मोठी सैन्यवाहू बोट. १९२७ मध्ये ती ‘टीएस डफरिन’ झाली, म्हणजे प्रशिक्षणाचं जहाज, आणि तिच्यावर हिंदी मुलांना व्यापारी जहाजांचे अधिकारी होण्याचं शिक्षण मिळू लागलं. तिच्यामागून ‘टीएस राजेंद्र’ आली. आता ‘टीएस चाणक्य’ आहे, ती नेरूळला, जमिनीवर. इमारत झाली तरी ‘टीएस’ सुटलं नाही.

नौदलात ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडच्या आरमाराची शिस्त आणि कायदा जहाजाच्या पटावर नाव असलेल्या माणसाला लागू व्हायचा. म्हणून किनाऱ्यावरच्या बराकींना, शाळांना, गोदामांनाही जहाज ठरवून नाव द्यायचं. काका ज्या ‘आयएनएस शिवाजी’त शिकले ती लोणावळ्याच्या डोंगरात आहे. तिथे फरशीला डेक म्हणतात, गेटाबाहेर पडायला ‘अशोर’ जाणं म्हणतात, आणि सह्याद्रीत धुक्यानं भरलेल्या पावसाळी सकाळी ते खरंही वाटत असेल. ही शाळा १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झाली. म्हणजे तिचं पहिलं पूर्ण नाव ‘एचएमआयएस शिवाजी’.

हे नाव मी वहीत लिहिलं आणि बराच वेळ बघत राहिले. ज्या राजानं स्वतःचं आरमार उभं केलं, सिंधुदुर्ग बांधला, त्याच्या नावाआधी जवळजवळ पाच वर्षं दुसऱ्या राजाची मालकी लिहिलेली होती. तिथे शिकणाऱ्या मराठी मुलांना ते टोचलं असेलच. मुंबईच्या फोर्टातल्या कॅसल बॅरक्सचं उलट झालं. तिथे ‘एचएमआयएस डलहौसी’ होती, संस्थानं खालसा करणाऱ्या गव्हर्नर जनरलच्या नावाची. प्रजासत्ताकात ती अक्षरं बदलली, पण डलहौसी राहिला. तो १५ सप्टेंबर १९५१ रोजी गेला आणि नाव आलं ‘आयएनएस आंग्रे’. कान्होजी आंग्र्यांवर ज्या किल्ल्यातून इंग्रजांनी आरमारं पाठवली, त्याच जागेला कान्होजींचं नाव. यात कुणी तरी जाणतं डोकं होतं, त्याला मी मनातून नमस्कार केला.

मधल्या काळातली ‘तलवार’ तर सगळ्यांना माहीत आहे. ‘एचएमआयएस तलवार’ हे मुंबईच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं जहाज म्हणजे कुलाब्यातली बिनतारी संदेशाची शाळा. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तिथल्या खलाशांनी निकृष्ट अन्नावरून आणि अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीवरून काम थांबवलं, आणि दोनतीन दिवसांत सुमारे वीस हजार खलाशी आणि सत्तरहून अधिक जहाजं उठावात सामील झाली. या उठावाच्या सगळ्या हकिकतींत मला एक बारीक गोष्ट सापडली. युद्धाच्या काळात खलाशाच्या टोपीवरच्या फितीवर जहाजाचं नाव लिहीत नसत, शत्रूला कळू नये म्हणून. फितीवर नुसती आधीची अक्षरं असायची: एचएमआयएस. नाव गाळलेलं, राजा ठेवलेला. ती फीत कपाळावर बांधून हजारो मुलं वर्षानुवर्षं वावरली होती. उठाव करणाऱ्यांनी आपल्या दलाला ‘इंडियन नॅशनल नेव्ही’ म्हणायला सुरुवात केली, ते मला फार समजण्यासारखं वाटतं. त्यांना जहाजाचं नाव बदलायचं नव्हतंच.

तरी ती अक्षरं स्वातंत्र्यानंतरही अडीच वर्षं टिकली. भारत डोमिनियन होता, राजा कागदावर होता, म्हणून ‘रॉयल’ही होतं आणि ‘हिज मॅजेस्टीज’ही. जुलै १९४८ मध्ये घेतलेली मोठी क्रूझर आधी ‘एचएमएस अकिलीस’, मग न्यूझीलंडची ‘एचएमएनझेडएस अकिलीस’, आणि आपल्याकडे आल्यावर ‘एचएमआयएस दिल्ली’ झाली. २६ जानेवारी १९५० रोजी ‘आयएनएस दिल्ली’. (पुढे रिव्हर प्लेटच्या लढाईवर इंग्रजी चित्रपट निघाला तेव्हा दिल्लीनं त्यात आपल्याच जुन्या रूपाचं, अकिलीसचं काम केलं.) त्याच दिवशी मुकुट उतरला आणि अशोकाचे सिंह आले. त्याच दिवशी आमच्या देवळालीतल्या तोफखान्याच्या नावातलं ‘रॉयल’ही गळालं. तोफ आणि जहाज एकाच सकाळी एकाच बंधनातून सुटली.

आयएनएस म्हणजे इंडियन नेव्हल शिप. सरकारी हिंदीत ‘भा. नौ. पो.’, भारतीय नौसेना पोत. आपण मराठीत नौदल म्हणतो आणि पोत हा शब्द बोलण्यात वापरत नाही, म्हणून आपल्या वर्तमानपत्रांत ‘आयएनएस’च रुळलं. मला त्याची खंत आहे. गुराब, गलबत, तरांडं, शिबाड, मचवा असे जहाजांसाठी इतके शब्द असलेल्या भाषेनं नावाआधी तीन स्वतःची अक्षरं घडवायला हवी होती.

जगात सगळे असं लावतात असंही नाही. ‘एचएमएस’ हे संक्षिप्त रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागलं. त्यातला ‘एच’ राजालाही चालतो आणि राणीलाही, म्हणून २०२२ मध्ये इंग्लंडची राणी गेल्यावर एकाही जहाजावर नव्यानं काही लिहावं लागलं नाही. अमेरिकेचं ‘यूएसएस’ पक्कं झालं ते १९०७ च्या थिओडोर रूझवेल्टच्या आदेशानं. जर्मनीचं ‘एसएमएस’ कैसरबरोबर गेलं. पोर्तुगालचं ‘एनआरपी’ आपण गोव्यात पाहिलं: १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगावच्या बंदरात ‘एनआरपी अफोन्सो द अल्बुकर्क’ भारतीय जहाजांशी लढली आणि बांबोळीच्या किनाऱ्याला लागली. त्या अक्षरांचा अर्थ पोर्तुगीज प्रजासत्ताकाचं जहाज. प्रजासत्ताकाचं, पण गोमंतकीयांना विचारून नव्हे.

तिसरी गोदावरी ही काकांची. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात दाखल झाली. दोन सी किंग हेलिकॉप्टरं वागवणारी, आपल्याच लोकांनी आराखडा केलेली फ्रिगेट. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये उठाव करून पळालेल्या भाडोत्री सैनिकांनी ‘एमव्ही प्रोग्रेस लाइट’ ही व्यापारी बोट ओलिसांसह पळवली, तेव्हा गोदावरी आणि बेतवा यांनी तिला समुद्रात गाठलं. काका त्या वेळी खाली होते. “वर काय चाललंय ते आम्हाला आवाजावरून कळायचं,” ते म्हणाले. “आम्ही फक्त वाफ पडू दिली नाही.”

त्यांनीच मला सांगितलं की गोदीत बांधत असताना जहाज आयएनएस नसतं, त्याला यार्ड क्रमांक असतो. परवापरवाची विशाखापट्टणम कागदावर ‘यार्ड १२७०४’ होती, सुरत ‘यार्ड १२७०७’. दाखल होण्याच्या समारंभात आदेश वाचून दाखवतात, ध्वज आणि डोलकाठीवरची लांब निमुळती पताका चढते, आणि तिथून तीन अक्षरं लागू होतात. मालकी देऊन चालत नाही, जबाबदारी घ्यावी लागते. जहाज निवृत्त होतं तेव्हा सूर्यास्ताला ध्वज आणि पताका उतरवतात, आणि अक्षरंही उतरतात.

२३ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत गोदावरी निवृत्त झाली. काका नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटीनं गेले होते, काकू बरोबर होत्या. पताका खाली आली तेव्हा ती गुंडाळणाऱ्या पोरांचे हात किती सावकाश चालले होते, तेवढंच त्यांनी मला सांगितलं. परतीच्या गाडीत दोघं काही बोलले नाहीत.

लेख लिहायला बसण्याआधी मी पत्रिकेचं दुसरं प्रूफ घेऊन त्यांच्याकडे गेले. काकूंच्या नावाआधी आता ‘कै.’ होतं. ते त्यांनी वाचलं, मान हलवली. त्यांच्या स्वतःच्या नावाखाली छापखान्यानं नुसतं ‘निवृत्त, भारतीय नौदल’ घातलं होतं.

“इथे जहाज घालायचं का?” मी विचारलं. “आणि आयएनएस लावायचं का? आता ती नाही.”

“मी होतो तेव्हा होती,” काका म्हणाले. मग त्यांनी माझ्या हातातलं लाल पेन घेतलं आणि समासात स्वतः लिहिलं.

प्रूफ मी त्याच संध्याकाळी छापखान्यात देऊन आले.